खिशातले बेदाणे

पुणे, १४ जून

तीर्थरूप आई आणि आप्पा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर जमत नाही म्हणून लिहायला बसले. मार्चपासून मी फोन केला की आप्पा, तुम्ही "आईला देतो" म्हणता आणि उठता. माझ्या कुत्र्याचा, गुंडूचा विषय निघाला की चपला घालून मळ्याकडं चालू लागता, असं आई म्हणाली. आईनं हे पत्र मोठ्यानं वाचावं आणि तुम्ही शेवटपर्यंत बसून ऐकावं, एवढी विनंती आहे.

त्या रात्री काय झालं ते तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत, आईकडून कळलं. शेडवरून नव्या बेदाण्याची खोकी घरी आली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून तुम्ही सदऱ्याच्या खिशातून एकेक बेदाणा काढून गुंडूला भरवलात. सगळे झोपल्यावर तो माजघरात शिरला, खोक्याचा कोपरा फाडला आणि पोट फुटेस्तोवर खाल्लं. अकराच्या सुमाराला ओकायला लागला. आईनं फोटो पाठवला, त्यात फुगलेले बेदाणे मोजता आले असते. मला वाटलं, जास्त झालंय, ओकून मोकळा होईल. तरी इथल्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "सकाळची वाट बघू नका, आत्ता दवाखान्यात न्यायला सांगा."

आणि बहात्तराव्या वर्षी तुम्ही गुंडूला शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, शेजाऱ्यांच्या जीपमधून मध्यरात्री सांगली गाठलीत. दोन दिवस त्याला सलाईन चालू होतं आणि दोन्ही दिवस तुम्ही बाकावरून हलला नाहीत. मी पोचले तेव्हा तुमचं एक बोट त्याच्या पंजावर होतं, सुई निघू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट नीट आला, मूत्रपिंडं शाबूत होती. सगळे हसले, तुम्ही तेवढे बाहेर जाऊन उभे राहिलात.

आप्पा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले की बाधतील याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेसेही भोवतात. हल्ली पशुवैद्यांचा संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. चिंचेतही तेच असतं, म्हणून आई, तुझी चिंचगुळाची आमटी त्याच्या भातावर घालू नकोस.

हे सगळं मी त्या रात्रीनंतर शिकले. मी तासगावची पोर, बेदाण्यावर वाढलेली. माझं इंजिनिअरिंग आणि दादाचं अमेरिकेचं तिकीट त्या बागेतूनच निघालं. गुंडूला तुमच्याकडं सोडताना लस, जंताचं औषध, गोचिडांचं औषध अशी यादी मी फ्रिजवर चिकटवली होती. त्यात बेदाण्याचं अक्षर नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. मग चूक तुमची कशी? शाळेतून आलो की तुम्ही आम्हाला आधी खिशात हात घालू द्यायचात. मला अजून आठवतंय, खिशाच्या तळाशी तंबाखूची पूड आणि तिला चिकटलेले बेदाणे असायचे, आणि ते पुसून पुसून खायची आमची घाई. जे आम्हाला दिलंत तेच त्याला दिलंत. मला तर त्यात तुम्ही त्याला घरचा मानला एवढंच दिसतं.

पहिल्यांदा त्याला आणलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हे बुटकं काय कुत्रं?" आजोबांचा कारवानी कुत्रा तुम्ही पाहिलेला, लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा. त्याच्यापुढं दीड फुटाहून बुटका, कान लोंबणारा बीगल म्हणजे खेळणंच वाटणार. पण दोघांचं मूळ काम एकच, ससा धरायचं. कारवानी डोळ्यानं धावतो, ससा दिसला की सुटला. बीगलला ससा दिसावाही लागत नाही. इंग्लंडात यांच्या टोळ्या सशाच्या मागावर सोडायचे आणि माणसं पायी मागं जायची. म्हणून तर हा जमिनीला नाक लावून चालतो, माग लागला की लांब हेल काढून ओरडतो, आणि गवतात पुरता बुडाला तरी शेपटीचं पांढरं टोक वर दिसत राहतं. तुम्हीच मला दाखवलं होतंत, दोन ओळींच्या मधून तो गेला की वेलांखाली नुसता तो पांढरा झुबका कसा पळतो ते.

दादा पहिल्यांदा अमेरिकेत उतरला तेव्हा विमानतळावर त्याच्या बॅगेपाशी येऊन गप बसलेलं कुत्रं याच जातीचं होतं. आईनं लुगड्यात गुंडाळून दिलेले चार हापूस त्यानं बंद बॅगेतून ओळखले. तिथल्या कृषी खात्यानं १९८४ मध्ये विमानतळांवर बीगल वापरायला सुरुवात केली. पहिले बीगल लॉस एंजेलिसला नेमले होते. त्यांना भुंकायचं नाही, वास लागला की नुसतं बसायचं, असं शिकवलेलं असतं. अशा नाकापुढं माजघरातलं पुठ्ठ्याचं खोकं काय टिकणार?

आता मुख्य गोष्ट. मला १ जुलैपासून महिनाभर ऑफिसच्या कामानं चेन्नईला जायचंय. इथं कुत्र्यांची पाळणाघरं आहेत, पैसे भरले की ठेवून घेतात. पण ही टोळीतली जात आहे, एकटं पडलं की रडून घसा बसवून घेते. गुंडूला मी तुमच्याकडंच सोडणार आहे. आई हो म्हणाली आहे. तुमचा हो मला तुमच्या तोंडून पाहिजे.

तुम्ही त्याला बागेत नेता ना, तेव्हा साखळी मात्र हातातून सोडायची नाही. नाक जमिनीला लागलं की त्याला हाक ऐकूच येत नाही. तो ऐकत नाही म्हणून त्याच्यावर रागावूही नका. आपल्या विहिरीला कठडा नाही, माझा जीव तिथंच अडकतो. हुंगायला मात्र पोटभर थांबू द्या. इथं मी घड्याळ बघत ओढते, तुम्ही एका झाडापाशी पाच-पाच मिनिटं उभे राहता. मार्चमध्ये तो तुमच्याकडं इतका शांत झोपायचा तो त्यामुळंच, मला खात्री आहे.

पावसाळा आहे, तेव्हा भिजून आला की कान उलटे करून आतून कोरडे पुसायचे. लोंबत्या कानांत वारा जात नाही, ओल राहिली की घाण वास येतो आणि तो मान हलवत बसतो. गोचीड बोटांच्या फटीत आणि कानाच्या मुळाशी बघायचे. आई, तुपाची पोळी बंद. तो तुझ्याकडं असा बघतो जणू चार दिवसांचा उपाशी आहे, पण जेवून पाच मिनिटं झालेली असतात. मागच्या खेपेला ११ किलोचा गेला आणि साडेबाराचा झाला. त्या एवढ्याशा पायांवर तो भार पेलत नाही. कांदा, लसूण, चॉकलेटही द्यायचं नाही. खोकी वरच्या माळ्यावर जाऊ देत, मी स्वतः येऊन चढवते.

तुमचा तपकिरी मफलर दवाखान्यातून चुकून माझ्या पिशवीत आला. मी धुतला नाही. गुंडू रोज रात्री तो तोंडात धरून कोपऱ्यात नेतो, नाक खुपसून झोपतो. तुम्ही त्याच्याशी बोलायचं सोडलंय, त्यानं तुम्हाला सोडलेलं नाही.

२८ तारखेला, शनिवारी आम्ही दुपारपर्यंत पोचू. आप्पा, खिसा झटकून साफ करा आणि गाजराचे तुकडे भरून ठेवा. आल्या आल्या तो आधी तिथंच नाक घालणार आहे.

तुमची,
सुमी