विषय: १८७७ ची म्हणून विकलेली १९७७ ची अंगठी

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व ग्राहक सेवा विभाग
(प्रत संचालकांना. ग्राहक सेवा विभागाने हे पत्र वाचून फाइलला लावू नये, वर पाठवावे.)

महोदय,

तुमच्या ‘सीनियर कन्सल्टंट’शी बोलून आत्ताच फोन ठेवलाय. डोकं थंड झाल्यावर लिहावं असं मुलगी म्हणाली, पण तेवढं थांबायची माझी तयारी नाही.

‘लंडनमध्ये अस्सल व्हिक्टोरियन दागिने, सेवा मराठीतून’ ही तुमचीच जाहिरात, म्हणून पत्र मराठीतून. इंग्रजी प्रतही तयार आहे. ती तुमच्यासाठी नाही, पुढे जिथे पाठवावी लागेल तिथे पाठवायला आहे.

अंगठी कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे. पाच हिरे एका ओळीत, मधला मोठा, कडेचे लहान होत गेलेले, दोन्ही बाजूंना कोरीव वेलबुट्टी. तुमच्या पावतीवरचं वर्णन जसंच्या तसं देते: ‘बर्मिंगहॅम, १८७७. सोने १८ कॅरेट. पाच ओल्ड माइन कट हिरे, बहुधा गोवळकोंड्याचे. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्या ऐतिहासिक वर्षातील दुर्मीळ अंगठी.’ किंमत २,८५० पौंड. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेतून मी ती स्वतःसाठी घेतली. ‘स्वतःसाठी’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या संकेतस्थळावरच्या फोटोत अंगठीच्या आतला फक्त नांगर आणि ‘सी’ हे अक्षर दिसत होतं. बाकीच्या शिक्क्यांवर नेमकी सावली पडलेली. अंगठी हातात आल्यावर भिंगाखाली धरली. माझी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली, सूक्ष्मदर्शकात डोळा घालूनच मी पोट भरलंय, तेव्हा दहापट भिंगातून काय दिसतं ते मला सांगायला कुणाची गरज लागत नाही. नांगर, म्हणजे बर्मिंगहॅम. बरोबर. मुकुट, म्हणजे सोनं. बरोबर. शेजारी ‘७५०’. आणि मग ‘सी’.

हे ७५० तिथे काय करतंय?

जुन्या दागिन्यांचा धंदा करणाऱ्यांना हे मी सांगायचं म्हणजे कमाल आहे, पण सांगते. १८७७ साली बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयात १८ कॅरेटच्या सोन्यावर मुकुट आणि ‘१८’ असा आकडा मारत. शिवाय १८९० पर्यंत कर भरल्याची खूण म्हणून राणीचा चेहरा ठोकत, एका बाजूने दिसणारा, अगदी एवढासा. तुमच्या अंगठीवर ‘१८’ नाही आणि राणीही नाही. ‘७५०’ हा आकडा (हजारात ७५० भाग सोनं, म्हणजेच १८ कॅरेट) इंग्लंडच्या शिक्क्यात आला तो १ जानेवारी १९७५ पासून, १९७३ चा हॉलमार्किंग कायदा लागू झाला तेव्हा. त्याच दिवशी सगळ्या कार्यालयांची वर्षाक्षरंही, म्हणजे शिक्क्याचं वर्ष सांगणारी अक्षरं, ‘ए’पासून नव्याने सुरू झाली. १९७५ ए, १९७६ बी, १९७७ सी. बर्मिंगहॅमची जुनी मालिका योगायोगाने १८७५ ला ‘ए’पासून सुरू झाली होती, त्यामुळे १८७७ सुद्धा सी. फरक अक्षराच्या वळणात आहे: जुनं गॉथिक लिपीतलं, नवं तिरकं, वळणदार. वर्षाक्षरांच्या तक्त्यात दोन्ही छापलेली असतात. तुमच्या कुणीतरी पहिलं पान बघितलं आणि जेवायला गेलं.

म्हणजे बरोबर शंभर वर्षांची चूक. राणी होती, तेवढं तुमचं खरं. पण ती व्हिक्टोरिया नव्हे, एलिझाबेथ, आणि वर्ष तिच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं.

यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट सांगू? अंगठीवर एकही शिक्का नसता, तर माझी काही हरकत नव्हती. खडे बसवलेल्या अंगठ्यांना त्या काळच्या कायद्यात सूट होती, म्हणून कितीतरी खऱ्या व्हिक्टोरियन अंगठ्या कोऱ्याच सापडतात. त्या हिऱ्यांवरून, कोंदणावरून, घडणीवरून ओळखायच्या असतात. तुम्ही मला जिच्यावर शिक्का आहे तीच विकलीत, आणि शिक्काच तुमच्याविरुद्ध साक्ष देतोय.

आता हिरे. खरेदीआधी मी ई-मेलने विचारलं होतं की पाचही हिरे जुन्या पद्धतीने घासलेले आहेत का, खालचं टोक सपाट कापलेलं आहे का. तुमचं उत्तर माझ्याकडे आहे: ‘होय मॅडम, पाचही अस्सल ओल्ड माइन कट.’ त्या हिऱ्यांचं वेड मला साउथ केन्सिंग्टनच्या व्ही अँड ए संग्रहालयातल्या दागिन्यांच्या दालनाने लावलं. कारागिराने हाताने, डोळ्याच्या अंदाजाने घासलेले असल्यामुळे ते धड गोल नसतात, कोपरे दाबलेल्या चौकोनाकडे झुकतात. वरचा भाग उंच, माथा लहान, आणि वरून सरळ खाली बघितलं की मधोमध ते कापलेलं टोक छोट्याशा वर्तुळासारखं दिसतं. मेणबत्तीच्या आणि गॅसच्या उजेडासाठी घासलेले, म्हणून ते लुकलुकत नाहीत. हात हलवला की सावकाश, मोठी, रंगीत झळाळी मारतात. एकाच अंगठीतले पाच खडे नीट बघितले तर पाच वेगळे निघतात. हेच तर विकत घ्यायचं असतं.

तुमचे पाचही हिरे कंपासने काढल्यासारखे गोल आहेत. माथा रुंद, खाली अणकुचीदार टोक, वर्तुळ कुठेच नाही. १९१९ मध्ये टोल्कोव्स्कीने हिऱ्याच्या कोनांचं गणित मांडलं, त्यानंतरची ही आधुनिक घासणी. हिरे खरे आहेत, वाईट नाहीत. जुने नाहीत, एवढंच. हॅटन गार्डनमधल्या, म्हणजे लंडनच्या सराफ बाजारातल्या, स्वतंत्र मूल्यमापकाने लेखी तेच दिलंय: १९७७, बर्मिंगहॅम, व्हिक्टोरियन धाटणीची नक्कल, आधुनिक ब्रिलियंट हिरे. अहवाल सोबत जोडलाय. त्याची फीसुद्धा तुमच्याच खात्यात धरली आहे.

गोवळकोंड्याबद्दल एकच. दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले १८६७ च्या सुमारास, किंबर्लीची खाण सुरू झाली १८७१ ला, आणि १८७७ पर्यंत तिथला माल लंडनच्या बाजारात बदाबदा ओतला जात होता. त्याआधीची शंभर-सव्वाशे वर्षं ब्राझीलची. गोवळकोंड्याच्या खाणी केव्हाच आटल्या होत्या. अंगठी खरोखर १८७७ ची असती तरी ‘बहुधा गोवळकोंड्याचे’ हे कशाच्या आधारावर लिहिलंत? गिऱ्हाईक भारतीय दिसलं की हे वाक्य आपोआप चिकटवता काय?

आता आजच्या फोनकडे येते. आधीच्या फोनवर मला ‘कळवतो’, ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ आणि एक सतारीची धून, इतकंच मिळालं होतं. आज अखेर ‘सीनियर कन्सल्टंट’ आले. त्यांनी पहिल्याच वाक्याला मला काकू केलं. ‘काकू, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका.’ ठीक आहे, वयाने असेन. मी म्हटलं, खालचं टोक कापलेलं नाही, वर्तुळ दिसत नाही, हे कसं?

‘काकू, दीडशे वर्षं वापरलेली अंगठी आहे. ते वर्तुळ झिजून गेलं असणार.’

मी म्हटलं, काय म्हणालात?

‘वापरून वापरून झिजतं ना. घरकामात वगैरे.’

मी विचारलं, हिरा झिजायला ते काय सहाणेवर उगाळायचं चंदन आहे? आणि समजा झिजला, तर जे टोक सोन्याच्या कोंदणात खाली दडलेलं आहे ते झिजलं, आणि वरचा माथा, जो दारांवर-भांड्यांवर आपटतो, तो मात्र शाबूत राहिला? शिवाय सपाट टोक झिजलं की अणकुचीदार होतं, हे कुठलं शास्त्र? कोहिनूर १८५२ मध्ये याच शहरात पुन्हा घासला, १८६ कॅरेटचा साधारण १०५.६ राहिला. त्याला ॲमस्टरडॅमहून कारागीर आणावे लागले आणि वाफेच्या इंजिनावर चाक फिरवावं लागलं. राणीने घरकाम करून तो झिजवला नाही.

पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘७५० हा आमचा स्टॉक नंबर असेल.’ अंगठीत, मुकुटाच्या शेजारी, शिक्क्यांच्या त्याच ओळीत, तुमचा स्टॉक नंबर! मी तसं म्हटल्यावर लगेच दुसरं निघालं: जुन्या काळी पण दशांशात लिहायचे, १५ कॅरेटवर ६२५ असायचं. असायचं, तेवढं त्यांचं बरोबर. १५, १२ आणि ९ कॅरेटवर असायचं, आणि आधी दशांशचिन्ह असायचं. १८ कॅरेटवर नाही. अर्धवट माहिती अशी ठोकून द्यायची की समोरचा गप्प बसावा, हे तुमच्याकडे शिकवतात का?

आणि मग ते वाक्य आलं. मी ते लिहून घेतलं.

‘काकू, मिस्टर आहेत का घरी? त्यांना द्या ना फोन, मी त्यांना नीट समजावून सांगतो.’

अंगठी माझी, पैसे माझे, भिंग माझं, पावतीवर नाव माझं. आणि समजावून कुणाला सांगणार, तर मिस्टरांना. मिस्टर त्या वेळी बागेत वाफ्यांना पाणी घालत होते आणि व्हिक्टोरिया कोण हे त्यांना स्टेशनच्या नावापलीकडे फारसं ठाऊक नाही. मी त्यांना बोलावलं नाही. मी म्हटलं, मलाच समजवा. तर म्हणाले, ‘तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत नाही आहात.’ ‘मिस्टरांना द्या’ हे तुमच्या फोनवर बोलायच्या कागदावरच छापलेलं असेल तर ते पहिल्यांदा खोडा, माझे पैसे नंतर परत केलेत तरी चालेल. नाही, दोन्ही करा, आणि पैसे आधी.

शेवटी ‘कंपनीकडून गुडविल’ म्हणून दोन पर्याय मिळाले. एक, फरक भरून दुसरी ‘एडवर्डियन’ अंगठी घ्या. फरक म्हणजे मी आणखी पैसे द्यायचे. दोन, फुकट पॉलिश. ‘एकदम नव्यासारखी चकचकीत करून देतो.’ जुन्या अंगठीला नव्यासारखी चकचकीत करणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही तो जुन्या दागिन्यांच्या पेढीवर कसा? पॉलिशचं चाक फिरलं की सोनं जातं, कोरीव कामाची धार जाते आणि शिक्के पुसट होतात. आता हे शिक्के पुसट झालेले तुम्हाला हवेच असतील, ही शंका मी पत्रात लिहिणार नव्हते. लिहिली.

आणि हो, परतीची मुदत संपली, असंही ते जाता जाता म्हणाले. संपलेली नाही. अंगठी वर्णनाप्रमाणे नाही, म्हणून मी ती नाकारतेय, असं २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या तीस दिवसांच्या आत मी ई-मेलने लेखी कळवलंय. तो ई-मेल पोहोचल्याची तुमची पोच आहे. फोन लांबवत तीस दिवस घालवले की हक्क जातो, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्यांचाही सल्ला त्या तक्त्याइतकाच नीट वाचलेला दिसतोय.

मला हवं ते असं. २,८५० पौंड पूर्ण परत, मूल्यमापकाची फी, आणि अंगठी न्यायला विमा उतरवलेला कुरियर तुमच्या खर्चाने. पॉलिश नको, एडवर्डियन नको, काकू नको. चौदा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पहिला अर्ज माझ्या क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे जाईल. शंभर पौंडांवरच्या खरेदीत १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली बँकही तुमच्याइतकीच जबाबदार असते, आणि बँका असले पैसे आनंदाने देत नाहीत, तुमच्याकडून काढून घेतात. दुसरा अर्ज ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे. शिक्क्याचं वर्ष शंभरने चुकवून माल विकणं त्यांना रंजक वाटेल. तिसरा स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाचा. दहा हजार पौंडांपर्यंत वकील लागत नाही, आणि मला वेळच वेळ आहे, मी निवृत्त आहे.

गणेशोत्सवात तुमचा स्टॉल पाहिला तेव्हा बरं वाटलं होतं. हॅटन गार्डनमध्ये दुकानांच्या काचांपुढे उभं राहून मी वर्षानुवर्षं नुसती बघत आले. विचारायचा संकोच वाटायचा, आत गेलं की विकणारे वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. तुमच्याकडे मराठीत विचारता येईल, उत्तर सरळ मिळेल, असं वाटलं होतं. मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं. त्यांतल्या दोघींनी तुमच्याकडूनच घेतलंय. या शनिवारी त्या आपापल्या अंगठ्या घेऊन माझ्याकडे येणार आहेत. भिंग घरात आहे आणि तक्ताही. दोन्ही पानांचा.

१९७७ ची अंगठी १९७७ ची म्हणून, त्या किमतीला विकली असतीत, तर कदाचित मी घेतलीही असती. घाट छान आहे.

आपली,
पावतीवर जिचं नाव आहे ती (मिस्टर नव्हेत)

सोबत: पावती, खरेदीपूर्वीचे ई-मेल, शिक्क्यांचे भिंगातून काढलेले फोटो, मूल्यमापकाचा अहवाल.

ता. क.: पत्र लिहिता लिहिता तुमचं संकेतस्थळ उघडलं. नव्याने लावलेली मोत्या-हिऱ्यांची अंगठी, ‘१८४५, १५ कॅरेट, शिक्क्यासह’. १५ कॅरेटला इंग्लंडमध्ये मान्यता मिळाली १८५४ मध्ये. ती कुणी विकत घ्यायच्या आत काढून टाका. फोटो मी ठेवून घेतलाय.