शीर्षासनाबद्दल तुझ्या पत्राचे उत्तर

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बावन्नाव्या वर्षी शीर्षासन शिकायला घ्यावे का, असे तू विचारले आहेस आणि काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, काचबिंदू झाला होता, हे शेवटी एका ओळीत उरकले आहेस. मला तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. शीर्षासनात डोळ्यांतला दाब नेहमीच्या साधारण दुप्पट होतो आणि खाली आल्यावर उतरतो. निरोगी डोळा हे सोसतो. पण काचबिंदूत बहुधा याच दाबाने डोळ्याची नस खराब होत जाते. तो बहुधा काही न दुखता वाढतो आणि घराण्यात उतरू शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब आणि नस दोन्ही तपासून घेतल्याशिवाय पाय वर नेऊ नकोस. रक्तदाबही मोजून घे. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, तर तोही लपवू नकोस.

वय मात्र अडचण मानू नकोस. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढे त्यांनी बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना शीर्षासन शिकवले, तेव्हा राणींनी ऐंशी ओलांडली होती. अर्थात, शेजारी तसा गुरू उभा होता.

माझी सुरुवात चुकीची झाली. पहिल्या वर्गात शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी माझे पाय धरून वर उचलले. सगळा भार डोक्यावर आला आणि पंधरा दिवस मान वळवता येत नव्हती. नंतर ज्या बाईंकडे गेलो, त्यांनी दोन महिने पाय जमिनीवरून सुटूच दिले नाहीत. तेव्हा मनातून मी खट्टू झालो होतो, पण आज वाटते की आसन मी त्याच दोन महिन्यांत शिकलो. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात विपरीत करणीबद्दल, म्हणजे डोके खाली आणि पाय वर करण्याबद्दल, ‘क्षणं स्यात्प्रथमे दिने’ असे म्हटले आहे, म्हणजे पहिल्या दिवशी फक्त क्षणभर, आणि मग रोज थोडे थोडे वाढवायचे. त्या बाईंची शिकवण्याची रीत हीच होती.

नावात शीर्ष असले तरी हे आसन खांद्यांनी आणि हातांनी पेलायचे असते. घोंगडीची चौपदरी घडी भिंतीलगत घाल. गुडघे टेकून बस, बोटे एकमेकांत घट्ट गुंफ आणि हातांची कोपरे खांद्यांइतक्याच अंतरावर ठेव. ती फाकली, की भार मानेवर घसरतो. कपाळ किंवा डोक्याची मागची बाजू न टेकवता टाळूचा मध्य टेकव. आता कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीत दाब आणि खांदे कानांपासून वर उचल. हे उचलणे सुटले, की समज मान दबली. मग गुडघे सरळ करून पावले चेहऱ्याकडे आणत जा, म्हणजे कंबर आपोआप खांद्यांवर येते आणि पाय हलके होतात. पहिले काही आठवडे इथेच थांब. पुढे शिक्षक शेजारी असताना गुडघे वाकवून दोन्ही पाय एकदम उचल. झटका किंवा उडी अजिबात नको. मानेत, कानात किंवा डोळ्यांत ताण जाणवला, तर त्याच क्षणी खाली ये आणि कपाळ टेकवून थोडा वेळ तसाच थांब, एकदम उठून उभा राहू नकोस.

दोरांना लटकून करण्याची पद्धतही आहे. तिच्यात डोके अधांतरी राहत असल्याने मानेवर भार येत नाही. मात्र डोके खालीच असते, त्यामुळे तुझ्या डोळ्यांचा प्रश्न दोराने सुटत नाही.

फायद्यांविषयी मी तुला जपूनच लिहितो. केस पिकायचे थांबतात, सुरकुत्या जातात, असे जुन्या ग्रंथांत आहे. माझ्यात तसा काही बदल झालेला नाही. मेंदूला भरपूर रक्त मिळून बुद्धी वाढते, हेही मला पटत नाही, कारण निरोगी मेंदू आपल्याकडे येणारे रक्त स्वतःच आवरून ठेवतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापन केली, ती असे दावे मोजून पाहावेत म्हणूनच. मला स्वतःला जे मिळाले, ते एवढेच: खांदे आणि पाठ बळकट झाली; दिवसभर उभे राहून जड झालेले पाय, त्यांतले रक्त सहज परतत असल्याने, हलके होतात; आणि त्या तीन मिनिटांत तोल सोडून दुसरे काही मनात आणताच येत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठीच मी रोज पहाटे घोंगडी अंथरतो. तुला हे मिळावे अशी माझी फार इच्छा आहे.

तेव्हा डोळ्यांचा अहवाल आला की आधी मला कळव. तो चांगला असेल, तर दिवाळीत इकडे ये. बाईंना मी आताच सांगून ठेवतो. तोवर रोज सकाळी हात जमिनीत दाबून खांदे उचलण्याचा सराव डोके न टेकवता, गुडघे खाली ठेवून, पाचच श्वास कर.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र