अक्का, कुंद्याच्या पुड्याबद्दल

अक्का,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहितोय.

खानापूरकडच्या आमच्या गावात आप्पा रोज सकाळी १४ घरांचं दूध गोळा करतात. वहीतला हिशेब मोबाइलवर आणावा म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये वेबपेज करायला घेतलं. आधी दूध१, दूध२ अशी १४ व्हेरिएबल (आकडा ठेवायची नावं) लिहिली. नवीन घर आलं की सगळा कोड उसवायचा. मग ॲरेबद्दल, म्हणजे एकाच नावाखालच्या खणांच्या रांगेबद्दल, वाचलं आणि शहाणपणा केला: १४ खणांचा ॲरे घेऊन 'फिल'नं प्रत्येक खणात रिकामा ॲरे भरला. एका ओळीत काम! दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या घराचं साडेतीन लिटर १४ही घरांच्या खात्यावर चढलं. आप्पा म्हणाले, "गावात एवढ्या म्हशी कधी आल्या?"

त्या रात्री बेळगावात, आपल्या शहापुरात लाईट गेली होती, लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता. तुम्ही मिठाईचा, कुंद्याचा पुडा पुढं ठेवलात. "पुडा एकच हाय. तू त्याला चौदा चिठ्ठ्या चिकटवल्यास. कुणीबी हात घातला तरी ह्यातच." मग लूप, म्हणजे तेच काम फेरी-फेरीनं करणारा कोड, लिहायला लावलात: दर फेरीला नवा रिकामा ॲरे करायचा आणि मोठ्या ॲरेत 'पुश' करायचा, म्हणजे शेवटी जोडायचा.

खरं गाडं अडलं बटणांवर. तीही लूपनंच केलेली. कुठल्याही घराचं बटण दाबा, नावाच्या जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे इथं काहीच नाही. तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. "लूप संपल्यावर आय किती?" आय म्हणजे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल. मी म्हटलं, तेरा. "छापून बघ." आले १४! मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचं घर १३वर. १४वर कुणीच राहत नाही. 'व्हार' लिहून केलेला आय बटणांमागच्या सगळ्या फंक्शनला (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडला) मिळून एकच. बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला, आणि सगळी बटणं त्याच एका आयला विचारतायत. 'व्हार' खोडून 'लेट' लिहिलं, तेव्हा प्रत्येक फेरीला स्वतःचा आय मिळाला. 'लेट' जावास्क्रिप्टमध्ये २०१५ला आलं. आमच्या क्लासात अजून पोचलं नव्हतं (फी मात्र वेळेवर पोचायची).

गेल्या सोमवारी पंधरावं घर आलं. मी इथंच होतो. आप्पांनी नाव कन्नडमध्ये टाकलं, खाली आपोआप नवी ओळ आली. त्यांचा फोन आला तो सरकीची पेंड आणायला सांगायला.

अक्का, मनापासून आभार.

तुमचा,
खालच्या खोलीतला