लाइन बंद केली, पण तार तिथेच आहे

संपादक महोदय,

सभांचा हंगाम आला की आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या गावी शाळेचे मैदान नाहीतर कारखान्याजवळचे माळरान हेलिपॅड होते. मुरूम दाबला, पाणी मारले, फक्कीने ‘एच’ काढला आणि दौऱ्याच्या वेळेपुरती लाइन बंद करायला महावितरणला पत्र दिले, की तयारी झाली. यातले शेवटचे काम सर्वांत फसवे. हेलिकॉप्टरला भीती विजेची नाही, तारेची आहे. प्रवाह नसलेली तारही पात्यांत तशीच अडकते.

२५ मे २०१७ रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली येऊ लागले, तारांना लागले आणि कोसळले. सुदैवाने सगळे वाचले. त्याच जागी ते उतरले मात्र सुखरूप होते. उतरले म्हणजे उडेलच, असे नसते. माणसे बसल्यावर, भर उन्हात, हिशेब बदलतो.

लातूर परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. पारा ४० अंशांवर गेला की हवा एवढी विरळ होते, की यंत्राच्या दृष्टीने ती ५५०० फुटांवरची हवा असते. इंजिनाचा जोर घटतो, पात्यांची पकडही. जमिनीलगत, साधारण पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, खाली दाबलेल्या हवेचा आधार मिळतो. त्यावर तो सुटतो. मोकळ्या रानात पायलट नाक किंचित खाली करून पुढे निघतो आणि ताशी ३०-४५ किलोमीटर वेग येताच पंख्याला ताजी हवा मिळून यंत्र उचलते. चारही बाजूंनी भिंत, कडुलिंब, खांब असले तर ही धाव घ्यायला जागाच उरत नाही. सरळ वर चढावे लागते आणि सर्वांत जास्त ताकद नेमकी त्यालाच लागते.

म्हणून उतरण्यासाठी आखलेल्या चौकोनापेक्षा चौकोनाबाहेरचे मोजा. १६ मीटर लांबीच्या यंत्राला दीडपट, म्हणजे २४ मीटरचा चौकोन नकाशात काटेकोर आखलेला असतो. पुढचे काहीच नसते. ठोकताळा सोपा आहे: निघण्याच्या दिशेला अडथळ्याच्या उंचीच्या किमान आठपट अंतर. ९ मीटरच्या खांबाला ७२ मीटर, १५ मीटरच्या लिंबाला १२० मीटर. जड यंत्र आणि मे महिना असेल तर याहून जास्त. वारा फिरतो, तेव्हा अशा दिशा दोन हव्यात.

तार वरून दिसत नाही. जुनी ॲल्युमिनियमची तार मळून मातीच्या रंगाची होते. पायलट खांब शोधतो आणि दोन खांबांमध्ये तार असणार हे गृहीत धरतो. पण शेतीपंपाच्या लाइनचा खांब उसात किंवा लिंबात दडला, तर तोही आधार गेला.

धुळीचेही तेच. ३ मे २०२४ रोजी महाडला उतरताना हेलिकॉप्टर धुळीच्या लोटात कलंडले. पंख्याचा झोत व्यासाच्या तिपटीपर्यंत जोरात लागतो. १३ मीटरच्या पंख्याला चाळीसेक मीटर. टँकर मात्र चौकोनापुरता फिरतो. काळी माती वरून ओली, आत कोरडीच. आदल्या संध्याकाळी भिजवून तासभर आधी पुन्हा शिंपडायला हवी. कोरडी फक्की तर पहिल्याच झोतात उडते, ‘एच’ नाहीसा होतो. चुना कालवून रंगवा. स्वागताचे फ्लेक्स आणि मंडपाचे कापड त्या चाळीस मीटरांत नकोच, पंख्याने ओढले तर पाहुण्यांचेच स्वागत व्हायचे.

बांधकाम विभाग आणि तहसील कार्यालयाने नकाशावर प्रत्येक खांब, झाड, टॉवर यांचे अंतर आणि उंची लिहावी आणि फोटोसह तो नकाशा आदल्या दिवशी पायलटकडे पोहोचवावा. उड्डाणाच्या वाटेतल्या तारा त्या दिवसापुरत्या उतरवता येतात. नाही जमले तर मैदान बदलावे. आणि महावितरणच्या पत्रात ‘पुरवठा बंद केला’ऐवजी ‘तारा उतरवल्या’ एवढे लिहून घ्यावे.

— एक वाचक, लातूर