केंद्राच्या कर्मचाऱ्याला गोवा महाग, खानावळवाल्याला नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हापशात माझी छोटी खानावळ आहे. दुपारी एकच्या सुमारास केंद्र सरकारच्या एका कार्यालयातले एक गृहस्थ रोज जेवायला येतात. मूळचे परप्रांतातले, आता हुमणाशिवाय, म्हणजे आमच्या माशाच्या आमटीशिवाय, त्यांना चालत नाही. मागे मी मासळीच्या ताटाचा दर २०० वरून २२० केला, तेव्हा इतर गिऱ्हाइकांनी तोंड वाकडे केले. हे मात्र हसून म्हणाले, "शेट, गोवा महाग आहे हे आमच्या खात्यालाही मान्य आहे. त्याचे आम्हाला पैसे मिळतात."

मला आधी ती थट्टाच वाटली. पण त्यांनी समजावून सांगितले ते असे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता शहराच्या लोकसंख्येवर मिळतो. ५० लाखांच्या वरचे शहर एक्स वर्गात, ५ लाखांच्या वरचे वाय वर्गात, बाकी सगळी झेड वर्गात. गोव्यातले एकही शहर ५ लाखांच्या आसपाससुद्धा नाही, म्हणजे पणजी काय आणि म्हापसा काय, नियमाने सगळेच झेड. तरीही गोव्यासाठी खास आदेश आहे आणि इथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना वाय वर्गाचाच भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये भत्त्यांचे नवे दर आले, तेव्हाही हा खास आदेश कायम ठेवला गेला. गाव लहान असले तरी राहणीमान महाग आहे, हे सरकारने लेखी मान्य केले आहे.

त्या गृहस्थांच्या भत्त्यावर माझा काही आक्षेप नाही, उलट त्यातूनच माझे ताट खपते. माझा प्रश्न इतकाच, की हीच समज माझ्या जीएसटीच्या वेळी कुठे जाते?

खानावळ कायद्याने 'सेवा' आहे. समोरचा किराणा दुकानदार तांदूळ, डाळ, साबण विकतो, तो 'वस्तू' विकतो. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मी तोच तांदूळ शिजवून वाढला की ती सेवा झाली आणि माझी मर्यादा २० लाखांवरच राहिली. हे २० लाख १ जुलै २०१७ चे आहेत. तेव्हा माझ्याकडे मासळीचे ताट १२० रुपयांना होते.

आता थोडा हिशेब मांडतो. वर्षाचे ३०० दिवस धंदा धरला, तर २० लाख म्हणजे दिवसाला साडेसहा हजारांच्या थोडे वर. २२० च्या दराने ३० ताटे झाली. माझा मावसभाऊ सावंतवाडीला खानावळ चालवतो. त्याचे ताट १४० चे, त्याला तिथवर पोचायला ४७ ताटे लागतात. सगळा खर्च जाऊन ताटामागे त्याच्या हाती पंचवीस-तीस रुपये राहतात आणि माझ्याही तेवढेच, कारण माझे जास्तीचे ८० रुपये भाड्यात, पगारात आणि मासळीत जातात. म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास कमावेपर्यंत तो नोंदणीच्या बाहेर राहू शकतो आणि मी साडेआठशे कमावतो न कमावतो तोच आत ओढला जातो. महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात आले की गरीब माणूस कागदावर मोठा व्यापारी होतो, तो असा.

महागाई का, हे गोंयकाराला सांगायची गरज नाही. भाजी बेळगावहून येते, चोर्ला घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा भाव आम्हाला कळतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या काळात बांगडा कोणत्या भावाने घ्यायचा हे बाजारवाला ठरवतो. आणि भाडे! सुट्टीपुरत्या येणाऱ्यांना दिवसावर खोल्या देण्याची चटक लागल्यापासून कामगाराला महिन्याने खोली द्यायला कोणी तयार नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या दोन पोरांच्या खोलीचे भाडे मीच भरतो, नाहीतर ती टिकत नाहीत.

आता बिअरची गोष्ट. आमच्याकडे जेवणाबरोबर बिअर किंवा फेणी मिळते, तसा रीतसर परवाना आहे. गोव्यात यात विशेष काही नाही, वडिलांच्या काळापासून तसेच चालले आहे. दारू जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, तिच्यावर राज्याचा अबकारी आणि व्हॅट लागतो. पण माझी 'एकूण उलाढाल' मोजताना तिचा गल्लाही धरतात. दिवसाला दोन हजारांची बिअर खपली, तर ताटांसाठी उरतात साधारण ४,६०० रुपये, म्हणजे २१ ताटे. एकवीस! एवढी माणसे तर शुक्रवारच्या बाजाराला भर पावसातही येतात.

बरे, छोट्या व्यावसायिकांसाठी कंपोझिशन योजना आहे. दीड कोटीपर्यंतच्या खानावळवाल्याने उलाढालीवर ५ टक्के भरायचे, तीन महिन्यांतून एकदा, कटकट कमी. पण दारू वाढणाऱ्याला ती योजना बंद. बिअरची एक बाटली विकली तरी बंद. ती योजना घेता आली असती, तर आणखी एक फायदा होता, त्याकडे येतो.

माझा भाटकार, म्हणजे जागेचा मालक, म्हातारा माणूस आहे, त्याची जीएसटी नोंदणी नाही. भाडे १८ हजार. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम आला, की नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यवसायाची जागा भाड्याने घेतली असेल, तर भाडेकरूने स्वतःच भाड्यावर १८ टक्के कर भरायचा. महिन्याला ३,२४०, वर्षाला ३८,८८०. पुढे १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना यातून वगळले. मी त्यात नाही, म्हणून मी भरतो. कापड दुकानदाराला हा कर आपल्या करातून वळता करून घेता येतो. खानावळीला नोव्हेंबर २०१७ पासून दर ५ टक्के आणि वळता काही नाही. व्यापारी गॅस सिलिंडरवर १८ टक्के, तोही वळता नाही. म्हणजे जागा जितकी महाग तितका माझा कर जास्त. गिऱ्हाइकाला मी बिलात ५ टक्के लावतो असे लोकांना वाटते. २२० मध्येच तो धरलेला आहे, कारण मिस्त्री-ड्रायव्हर मंडळी २३१ द्यायला तयार नाहीत.

रिटर्न भरायला हिशेबनीस महिन्याला १,५०० घेतो. आई आजारी होती त्या वर्षी एक रिटर्न चाळीस दिवस राहिले, रोजचे ५० रुपये लागून २,००० भरले. ती चूक माझी, त्याबद्दल रडगाणे नाही.

आयकराबद्दलही माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे कर म्हटले की सरसकट शिव्या देण्याची पद्धत आहे. आयकर मिळकत बघून लागतो. शिवाय इथे अजून लागू असलेल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे, म्हणजे पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे, आयकर कायद्याने गोव्यातल्या नवरा-बायकोची पगार सोडून बाकीची मिळकत निम्मी-निम्मी धरली जाते. धंदा माझ्या नावावर असला तरी सकाळी पाचला नारळ खवणारी ती असते, तेव्हा ते योग्यच आहे. इथल्या वेगळेपणाची दखल घेणारा कायदा करता येतो, याचा हा दाखला घरातच आहे.

जीएसटीत तसे करता येत नाही, 'एक देश, एक कर' आहे, असे उत्तर मला एका कार्यक्रमात मिळाले. ते पटत नाही. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत सेवांसाठी मर्यादा १० लाख आहे. राज्याराज्यांत मर्यादा वेगळी ठेवायला कायदा आडवा येत नाही, फक्त सेवांची मर्यादा २० लाखांच्या वर न्यायला ही मुभा आजवर वापरली गेली नाही.

२० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी कौन्सिलची ३७ वी बैठक आपल्या गोव्यातच झाली. त्या बैठकीत साडेसात हजारांवरच्या हॉटेल खोलीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा कर १२ वरून ५ टक्के झाला. पर्यटन चालले तर आमचेही चालते, म्हणून त्याला नाव ठेवत नाही. पण त्या हॉटेलात भांडी घासणारा पोरगा दुपारी जेवतो माझ्याकडे, आणि २०१७ चे २० लाख अजून २० लाखच आहेत.

मर्यादा वाढवली की चोरवाटा वाढतील, असे अधिकारी म्हणतात. चोरवाटा आजच आहेत. खानावळ नवऱ्याच्या नावे, बार बायकोच्या नावे, मध्ये प्लायवूडची भिंत, असे प्रकार कुठल्याही बाजारात दिसतील. मला तसे करायचे नाही, म्हणून तर हे पत्र.

कौन्सिलमध्ये प्रत्येक राज्याच्या मताचे वजन सारखे असते, गोव्याचे आणि उत्तर प्रदेशाचेही. ते वजन आपल्या सरकारने एकदा तरी आमच्यासाठी वापरावे. सेवांची मर्यादा वस्तूंएवढी करावी आणि जिथे केंद्र स्वतःच्या नोकरांना महागाईचा वाढीव भत्ता देते तिथे ती आणखी वर न्यावी. एवढे जमत नसेल तर निदान बिअरचा गल्ला उलाढालीत धरणे थांबवावे आणि जेवणापुरती कंपोझिशन योजना आम्हाला खुली करावी.

भाटकाराने करार संपल्यावर भाडे २२ हजार होईल असे सांगितले आहे. त्यावरचा १८ टक्के कर ३,९६०. ताट २४० करायचे की नाही, हे मासेमारी बंदी सुरू होण्याआधी ठरवायचे आहे.

आपला,
एक खानावळवाला, म्हापसा