सरांचे कागद रद्दीत घालू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आयुष्यभर आपल्या भागाचा इतिहास गोळा करणारे एखादे प्राध्यापक गेले की घरचे पुस्तकं लायब्ररीला देतात पण वह्या, पत्रं, टिपणांची कार्डं सरळ रद्दीत जातात, फार वाईट वाटतं हो. छापील पुस्तकाची दुसरी कॉपी कुठेतरी मिळेलच, पण म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींची वही, झिजून गेलेल्या शिलालेखाचा कागदावरचा ठसा, फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेली नावं, हे जगात एकच असतं.

घरच्यांना कळकळीने सांगतो, आवरायच्या नादात गठ्ठे सोडून कागद वेगळे करू नका. कुठला कागद कशासोबत ठेवलाय यावरून सर विचार कसा करत होते ते कळतं. एका माणसाचे, घराण्याचे किंवा संस्थेचे कागद एकत्रच ठेवायचे ही पद्धत फ्रान्सच्या आर्काइव्हजमध्ये १८४१ पासून आहे. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते नंतर काढताना कागदच फाटतो, सेलोटेपचा डिंकही पिवळा पडून कागदात उतरतो. गंजलेल्या पिना मात्र हलक्या हाताने काढा. मुलाखतींच्या कॅसेट असतील तर आधी त्या डिजिटल करून घ्या, टेप कागदाच्या आधी खराब होते.

संस्थेला देताना यादी करून लेखी करार करा. सरांना आलेल्या पत्रांचा कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याकडे असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. संस्थांनीही नुसतं स्कॅन करून मूळ कागद परत पाठवू नयेत, शाई आणि कागद बघूनही तारीख ठरवता येते.

आपला,
एक वाचक