गौरीच्या इंग्रजीच्या उताऱ्यांबद्दल

नाशिक,
७ डिसेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गौरीच्या सहामाहीच्या इंग्रजी पेपरचे फोटो मिळाले. सगळी पानं दोनदा पाहिली. तू म्हणतोस, पोरीला इंग्रजी येतच नाही. पेपरवरून तरी तसं वाटत नाही. पत्रलेखनात पाचपैकी चार आहेत, व्याकरणही बरं आहे. गुण गेलेत उताऱ्यांत, आणि तिथंही शब्द अडले म्हणून थोडे गेले, प्रश्न अर्धवट वाचला म्हणून जास्त. उतारा म्हणजे उत्तर समोर छापून दिलेली परीक्षा. त्यातलं नेमकं किती उचलायचं आणि कोणत्या रूपात लिहायचं, एवढंच तपासतात. या एका गोष्टीची सवय लागली, तर फेब्रुवारीपर्यंत चित्र बरंच बदलेल.

आधी हिशेब. दहावीच्या बोर्डाचा, मराठी माध्यमाचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास; उरलेले २० तोंडी वगैरेचे शाळेकडे. त्या ८० मध्ये पुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी १० चे, कवितेवर १०, पुस्तकाबाहेरचा उतारा १० चा आणि त्याच उताऱ्याचा सारांश ५ चा. झाले ४५. निम्म्याहून जास्त पेपर वाचून समजण्यावर उभा आहे, आणि आपली मुलं रात्र रात्र निबंध पाठ करत बसतात!

दहा गुणांच्या उताऱ्याची घडण ठरलेली असते. ए-वन ते ए-फाइव्ह असे पाच प्रश्न, प्रत्येकी २ गुण. पहिला सरळ माहितीचा: चूक की बरोबर, जोड्या, गाळलेल्या जागा. दुसऱ्यात माहिती जरा शोधून जुळवावी लागते, म्हणजे तक्ता, वेब (मधल्या विषयातून निघालेल्या हातांवर मुद्दे भरायची आकृती), घटनांचा क्रम, कारणं. तिसरा शब्दांचा, चौथा व्याकरणाचा, पाचवा स्वतःच्या मताचा. गौरीचे पहिल्यात बहुतेक पूर्ण आहेत. दुसऱ्यापासून गळती सुरू होते.

नुसतं सांगून भागायचं नाही, म्हणून तुझ्याच द्राक्षबागेतला एक छोटा उतारा रचलाय. तिला इंग्रजीत लिहून दे, इथं मी उच्चार लिहितो:

"द फार्मर हार्डली स्लेप्ट दॅट नाइट, फॉर द कोल्ड वॉज कमिंग डाउन ऑन हिज वाइन्स. बिफोर डॉन ही लिट स्मॉल फायर्स बिट्वीन द रोज अँड लेट वॉटर इंटू द ड्रिप लाइन्स. दिस सेव्ह्ड मोस्ट ऑफ द बंचेस, बट नॉट द वन्स निअर द कॅनल."

तीनच वाक्यं आहेत, अवघड म्हणावा असा शब्द नाही. तरी घसरायच्या जागा बघ.

'हार्डली'. हार्ड म्हणजे कठीण, कष्टानं, हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून अर्थ लागतो 'शेतकरी गाढ झोपला' किंवा 'कष्टानं झोपला'. इथं अर्थ आहे जेमतेम, जवळपास नाहीच. 'सेल्डम', 'अनलेस', 'टू टायर्ड टू वॉक' ही त्याच जातीची मंडळी: वाक्यात 'नॉट' कुठं दिसत नाही, पण नकार आत दडलेला. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चंही तसंच, एका 'अ'नं अर्थ फिरतो. वहीचं शेवटचं पान या शब्दांसाठी राखायला सांग. वीस-पंचवीसच्या वर जात नाहीत.

मग 'फॉर'. 'साठी' हा अर्थ आठवीपासून घोटलेला. पण स्वल्पविरामानंतर येऊन पुढं पूर्ण वाक्य असेल तर बहुधा 'फॉर' म्हणजे 'कारण'. प्रश्न आला, शेतकरी नीट का झोपला नाही, तर उत्तर त्या 'फॉर'च्या पुढं आहे. गौरी काय करते? अख्खं वाक्य 'द फार्मर हार्डली'पासून उतरवते. उत्तर त्यात असतंच, पण तपासणाऱ्याला ते उपसून काढावं लागतं, आणि प्रश्न कळला की नाही याची शंका राहते. लिहायचं एवढंच: "ही डिड नॉट स्लीप वेल बिकॉज द कोल्ड वॉज कमिंग डाउन ऑन हिज वाइन्स." प्रश्नातले शब्द पुढं घ्यायचे, 'बिकॉज' लावायचं, उताऱ्यातला तेवढाच तुकडा जोडायचा.

तिसऱ्या वाक्यातलं 'दिस' म्हणजे काय? थंडी नव्हे, कालवा नव्हे. शेकोट्या आणि पाणी, दोन्ही मिळून. इट, दे, दिस, वन्स असे शब्द आले की बोट मागं नेऊन ज्याच्याबद्दल आहेत त्याच्यावर ठेवायचं. हे बोट मी मुद्दाम म्हणतोय. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहायचं नसतं, त्यामुळे घरी पेन्सिलीनं रेघा मारायची सवय लागली की परीक्षेत चुकल्यासारखं होतं. डाव्या हाताचं बोट ओळीवर, उजव्या हातात पेन, हे आतापासूनच.

आता याच उताऱ्यावरचे प्रश्न. 'ऑल द बंचेस वेअर सेव्ह्ड', चूक की बरोबर? चूक, कारण उताऱ्यात 'मोस्ट' आहे. असल्या विधानांत गोम बहुतेक वेळा ऑल, ओन्ली, ऑल्वेज, नेव्हर यांतल्या एखाद्या शब्दात असते. वेबमध्ये 'शेतकऱ्यानं काय काय केलं' विचारलं तर पूर्ण वाक्य नको. 'लिट स्मॉल फायर्स', 'लेट वॉटर इंटू द ड्रिप लाइन्स' पुरे. वेबला चार हात असतील तर प्रत्येकाला अर्धा गुण, म्हणून एक हात रिकामा ठेवू नये आणि एकच मुद्दा शब्द बदलून दोनदा लिहू नये. गौरीनं एका वेबमध्ये तेच केलंय, फोटोतल्या तिसऱ्या पानावर बघ.

शब्दांच्या प्रश्नात 'कोल्ड'चा विरुद्धार्थी विचारला तर नव्वद टक्के वर्ग 'हॉट' लिहील, हा माझा आपला अंदाज. पण इथं 'द कोल्ड' आहे, म्हणजे थंडी, नाम. उलट शब्द 'हीट' किंवा 'वॉर्म्थ'. नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद, आणि काळही तोच: 'सेव्ह्ड'चा उलट 'लॉस्ट', 'लूज' नव्हे. 'उताऱ्यातून शब्द शोधा' म्हटलं असेल तर शब्द जसा छापलाय तसाच उचलायचा, त्याचं एकवचन करत बसायचं नाही. अनोळखी शब्द आला तर आधी तो मोडून बघायचा. पुढं अन्, डिस्, इम् किंवा मागं लेस, फुल, नेस असेल तर निम्मा अर्थ तिथंच हाती येतो.

व्याकरणाचा प्रश्न उताऱ्यातल्याच वाक्यावर असतो. शेकोट्यांचं वाक्य कर्मणी करायचं तर 'स्मॉल फायर्स वेअर लिट...'. मुलं 'वॉज' लिहितात, कारण मूळ वाक्यात 'ही' दिसतो. पण आता कर्ता झाल्या शेकोट्या, त्या अनेक आहेत. बदललेलं वाक्य पूर्ण लिहायला सांग, अर्ध्यावर टिंबं टाकून सोडायचं नाही.

पाचवा प्रश्न खरं तर फुकटचे दोन गुण. उत्तर उताऱ्यात नसतं, त्यामुळे ते चुकायची भीतीही नसते. गौरी 'येस, आय अ‍ॅग्री' लिहून थांबलीय! तिथं तीन-चार साधी वाक्यं हवीत: एकात आपलं म्हणणं, दोनांत दोन वेगवेगळी कारणं, जमलं तर घरातलं-गावातलं एखादं उदाहरण. निफाडच्या पोरीला 'शेती हा जुगार आहे का' विचारलं तर तिला उदाहरणासाठी लांब जावं लागू नये.

वेळेचं सांगतो. १८० मिनिटं आणि ८० गुण, म्हणजे गुणामागं सव्वादोन मिनिटं. शेवटी १० मिनिटं जादा मिळतात, पण ती हिशेबात धरायची नाहीत. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला २० मिनिटं पुरतात. पहिल्या मिनिटात फक्त ए-वन आणि ए-टूचे प्रश्न बघायचे. सगळे पाच नको, डोक्यात गर्दी होते. मग उतारा न थांबता एकदा, शब्द अडला तरी पुढं. दुसऱ्यांदा सावकाश, परिच्छेदात काय आहे ते मनाशी मराठीत एका ओळीत म्हणत. इथवर पाच मिनिटं. तेरा मिनिटं लिहायला, उरलेली दोन प्रश्नांचे क्रमांक आणि स्पेलिंग बघायला. उताऱ्यातलाच शब्द उत्तरात चुकीच्या स्पेलिंगनं लिहिणं म्हणजे कमाल आहे, पण तिच्या पेपरात तीन ठिकाणी आहे.

सारांश तिनं सोडूनच दिलाय. पाच गुणांचं हे एवढं भ्यायचं प्रकरण नाही. उतारा दीडशे शब्दांचा असेल तर सारांश पन्नासच्या आसपास, साधारण तिसरा हिस्सा. प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य करायचं आणि ती वाक्यं बट, सो, देअरफोर यांनी बांधायची. उदाहरणं, आकडे, अवतरणातली बोलणी गाळायची, स्वतःचं मत घालायचं नाही. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ उतरवून काढणं हा मुलांचा आवडता उपाय, आणि तो लगेच ओळखू येतो. वर तीन-चार शब्दांचं शीर्षक द्यायचंच, ते विसरतात. आपल्या त्या तीन वाक्यांना 'अ कोल्ड नाइट इन द व्हिनयार्ड' चालेल.

पुस्तकातल्या उताऱ्यांची खोड निराळी. धडा ओळखीचा असतो, म्हणून मूल उतारा वाचतच नाही, गाईडमधलं पाठ उत्तर ओततं. पण प्रश्न दिलेल्या तुकड्यापुरता असतो, आणि पाठ उत्तरातला निम्मा मजकूर त्या तुकड्याच्या बाहेरचा निघतो. गाईड फेकू नकोस, फक्त क्रम उलटा कर: आधी गाईड मिटून उत्तर लिहायचं, मग उघडून ताडायचं.

सरावाला उतारे कुठून आणायचे, हे तू विचारलंयस. नवीन काही विकत घेऊ नकोस. आठवी-नववीची इंग्रजीची पुस्तकं घरात असतील, त्यांत वर्गात न झालेले भाग आहेत. त्याहून चांगली युक्ती म्हणजे बालभारतीची इंग्रजी माध्यमाची सहावी-सातवीची विज्ञान आणि भूगोलाची पुस्तकं. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. विषय तिला मराठीतून आधीच माहीत आहे, त्यामुळे इंग्रजी वाक्य कसं वळतं इकडं लक्ष राहतं. आठवड्यातून एखाद्या दिवशी इंग्रजी पेपरातली दीड-दोनशे शब्दांची बातमी घ्या. नाशिकची, कांद्याची, द्राक्षांची असेल तर उत्तम. राजकारणाची नको, नावांतच गुंतायला होतं. कधी तिला घेऊन आलास तर टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ. १८४० सालची संस्था आहे, तिला बघायलाही आवडेल.

आठवड्याला चार उतारे पुरे. तीन घड्याळ लावून सोडवायचे. चौथ्यावर मात्र तिनं स्वतःच ए-वन ते ए-फाइव्ह प्रश्न काढायचे आणि धाकट्याला किंवा मैत्रिणीला सोडवायला द्यायचे. हा चौथा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण प्रश्न काढताना 'मोस्ट' आणि 'ऑल'मधली गंमत हाताला लागते. शब्दकोश उतारा सोडवून झाल्यावरच उघडायचा, आणि एका उताऱ्यातले पाचच शब्द उतरवायचे, त्या त्या वाक्यासकट. मधेच शब्दकोश उघडला की धागा तुटतो आणि उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो.

रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचू दे, पण शब्द-शब्द तोडून नव्हे. अर्थाचे तुकडे करून: 'द फार्मर, हार्डली स्लेप्ट, दॅट नाइट'. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मुलं इंग्रजी वाक्याचंही शेपूट आधी धरतात आणि 'कोणी केलं' हे निसटतं. तुकडे पाडायची सवय झाली की ते कमी होतं. वहिनी शेजारी बसून नुसतं ऐकत राहिल्या तरी चालेल. मधे उच्चार सुधारू नयेत, वाचन संपल्यावर दोनच सांगावेत.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा होईल. त्याआधी दोन जुने बोर्डाचे पेपर पूर्ण तीन तास बसून सोडवून हवेत, सकाळी अकरालाच, मधे न उठता. तेवढे दोन दिवस तिला बागेत कामाला नेऊ नकोस.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन नाशिकला येणार आहेस ना? तिला बरोबर आण, आणि या आठवड्यातले चारही उतारे, खाडाखोडीसकट. फेअर करून आणू नका, मला कच्चेच बघायचेत. जेवण इकडेच.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
अरविंद

ता. क. – काट्यांचं साधं घड्याळ घेऊन दे आणि सराव त्याच्यावरच कर. मोबाइल परीक्षेत नेता येत नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्या बाकावरून दिसेलच असं नाही.